खान्देशात राहून ब्लूग्रास: बँजो, मँडोलिन, फिडल, गिटारची शिकवणी कशी लावावी

जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत गिटारचे क्लास आता तालुक्याच्या गावीही सापडतात. पेटी-तबल्याचे तर पूर्वीपासूनच आहेत. पाच तारांचा बँजो, ब्लूग्रास या अमेरिकन संगीताच्या ढंगाचं मँडोलिन, फिडल किंवा डोब्रो (मांडीवर ठेवून वाजवायची गिटार) शिकवणारा माणूस मात्र इथे सहजासहजी मिळणार नाही. तरीही हे संगीत इथे राहून नीट शिकता येतं, आणि त्यासाठी खाजगी शिकवणी हाच सगळ्यात चांगला मार्ग आहे, असं माझं ठाम मत आहे. अट एकच. शिकवणीचा तास नवनवी गाणी गोळा करण्यात घालवायचा नाही. गाण्यांच्या टॅब (कोणती तार कुठे दाबायची ते दाखवणारं लेखन) आणि व्हिडिओ फुकट मिळतात. आपण फी देतो ती शिक्षकाच्या कानासाठी. तुमचं मधलं बोट कुठे मागे राहतं, कॉर्ड (एकत्र वाजणारा स्वरांचा गट) बदलताना ठेका कुठे दबतो, हे तुमचं तुम्हाला ऐकू येत नाही. ज्याला ते ऐकू येतं त्याच्यासमोर आठवड्यातून किंवा पंधरवड्यातून एकदा बसणं, एवढंच शिकवणीचं काम. खाली जे सांगतोय ते सगळं याच हिशेबाने.

आधी हे संगीत समजून घ्या

ब्लूग्रास हा अमेरिकेच्या आग्नेय भागातल्या डोंगराळ मुलखातून वर आलेला वाद्यमेळ. केंटकी राज्यातल्या रोझीन गावचा बिल मन्रो (१९११–१९९६) मँडोलिन वाजवायचा आणि उंच पट्टीत गायचा. त्याच्या 'ब्लू ग्रास बॉइज' या बँडवरून शैलीला नाव पडलं. डिसेंबर १९४५ मध्ये अर्ल स्क्रग्ज हा नॉर्थ कॅरोलायनाचा तरुण बँजोवादक त्या बँडमध्ये आला, आणि तीन बोटांनी धारेसारखे सुटणारे त्याचे स्वर मन्रोच्या मँडोलिनला, लेस्टर फ्लॅटच्या गिटारला आणि फिडलला मिळाले. आज आपण ज्याला ब्लूग्रास म्हणतो तो आवाज तिथे घडला. वाद्यांचा इतिहास त्याहून जुना आहे. बँजोचं मूळ पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या लोकांच्या वाद्यांत आहे, मँडोलिन इटलीतून आलं, आणि फिडल म्हणजे आपण ओळखतो ते व्हायोलिनच.

शिकणाऱ्यासाठी यातली खरी गोष्ट अशी की या मेळात सहसा ड्रम नसतात, ढोलकीसारखंही काही नसतं. ताल धरायचं काम तंतुवाद्यंच करतात. चार ठोक्यांचं आवर्तन धरा. पहिल्या आणि तिसऱ्या ठोक्याला उभा बास, म्हणजे खर्जाचं मोठं तंतुवाद्य. दुसऱ्या आणि चौथ्याला मँडोलिनचा 'चॉप', म्हणजे तारा दाबून लगेच सोडल्यामुळे येणारा कोरडा, तुटक आघात. गिटार खालची, म्हणजे खर्जाची, तार आणि कॉर्ड आलटून पालटून वाजवत या दोघांना सांधते. बँजो या सगळ्यावर आवर्तनाला आठ स्वर सलग सोडत राहतो. मग गाण्याच्या दोन कडव्यांमध्ये एकेकाला एकट्याने वाजवायची पाळी येते, तिला 'ब्रेक' म्हणतात. पाच जण वाजवत असतील तर तुमची ब्रेक गाण्यातला अगदी लहान तुकडा असते, उरलेला सगळा वेळ तुम्ही साथ करत असता. म्हणून जो शिक्षक पहिल्या महिन्यापासून फक्त ब्रेक शिकवतो आणि साथीचा विषयच काढत नाही, तो कितीही मोठा वादक असला तरी सुरुवातीला त्याच्याकडे जाऊ नये.

वाद्य कोणतं घ्यावं

मन ठरत नसेल तर गिटार घ्या. ब्लूग्रासची गिटार म्हणजे पोलादी तारांची, मोठ्या पेटीची, 'ड्रेडनॉट' आकाराची. यामाहाचं एफजी ८०० हे मॉडेल याच आकाराचं आहे, भारतात मिळतं, आणि सुरुवातीला पुरेसं आहे. नायलॉन तारांची क्लासिकल गिटार घरात पडलेली असेल तर कॉर्डची ओळख तिच्यावर करून घ्या, पण ब्लूग्रासचा दणका तिच्यातून निघत नाही.

मँडोलिन हिंदी चित्रपटसंगीतामुळे आपल्या कानाला ओळखीचं आहे आणि ते इथे येतंही सोपं. ब्लूग्रासमध्ये ए आणि एफ असे दोन आकार चालतात. एफ आकाराला वर नक्षीदार वळण असतं, तो महाग पडतो. शिकायला दोन्ही सारखेच, त्यामुळे तेवढ्याच पैशांत ए आकाराचं जास्त चांगलं वाद्य मिळतं. मँडोलिन आणि फिडल दोन्ही जी-डी-ए-ई या पाश्चात्त्य स्वरांत लावतात. मँडोलिनवर बोटं बसली की फिडलवर डावा हात निम्मा तयार असतो. फक्त तिथे फ्रेट (दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) नसतात आणि गजाचं सगळं नव्याने शिकावं लागतं.

बँजो घेताना एक काळजी. दुकानात नुसतं 'बँजो द्या' म्हणालात तर मिरवणुकीतल्या बँजो पार्टीचा, बटणं दाबून वाजवायचा, बुलबुलतरंगाच्या जातीचा बँजो पुढ्यात येईल. ऑनलाइन खरेदीतही हा घोळ होतो. पाच तारा, पैकी पाचवी आखूड, तिची खुंटी दांड्याच्या मध्यावर पाचव्या फ्रेटपाशी, अशी खूण सांगा आणि फोटो बघूनच पैसे द्या. चार तारांचा टेनर बँजोही मिळतो, पण स्क्रग्जची तीन बोटांची पद्धत पाचव्या तारेवरच उभी आहे. डीअरिंग कंपनीचा 'गुडटाइम' हा सुरुवातीसाठी नावाजलेला बँजो. परदेशातून मागवणार असाल तर सीमाशुल्क आणि जीएसटी धरूनच किंमत काढा. मागे लाकडी थाळी असलेला, म्हणजे रेझोनेटरचा बँजो ब्लूग्रासला लागतो खरा, पण पहिल्या वर्षी उघड्या पाठीचा चालतो. तो हलका असतो आणि घरात आवाजही कमी करतो.

डोब्रो मांडीवर आडवा ठेवून पोलादी दांडीने वाजवतात. याच्यासाठी खान्देशात एक जुनी वाट आहे. पूर्वीच्या ऑर्केस्ट्रांमध्ये हवाइयन गिटार वाजवणारे बुजुर्ग काही शहरांत अजून आहेत. त्यांना ब्लूग्रास ठाऊक नसेल, पण दांडी तारेवर सरळ कशी धरायची, नेमकी फ्रेटच्या रेषेवर कशी थांबवायची आणि मागच्या बोटांनी तारांचा खडखडाट कसा दाबायचा, हे ते समोर बसवून दाखवू शकतात. असे हात आता कमी राहिलेत. ओळखीत कोणी असेल तर लवकर गाठा.

एक शिक्षक लांबचा, एक जवळचा

माझा आग्रह दोन शिक्षकांचा आहे. लांबचा शिक्षक शैलीसाठी, ऑनलाइन. जवळचा शिक्षक सूर-तालासाठी, समोरासमोर.

लांबचा शिक्षक बहुधा अमेरिकेतला असेल. मोठ्या भारतीय शहरांत फोक-कंट्री वाजवणारे गिटारवादक क्वचित भेटतात, पण बँजोसाठी बाहेरच बघावं लागेल. अमेरिकेत हा विषय विद्यापीठातही शिकवतात. ईस्ट टेनेसी स्टेट युनिव्हर्सिटीत १९८२ पासून ब्लूग्रासचा अभ्यासक्रम आहे. तिथून शिकून निघालेले आणि बँडमध्ये वाजवणारे अनेक जण खाजगी शिकवण्या घेतात. ऑनलाइन शिकवणीचे दोन प्रकार आहेत. एक म्हणजे व्हिडिओ कॉलवर समोरासमोर. दुसरा म्हणजे देवाणघेवाण: तुम्ही वाजवून व्हिडिओ पाठवायचा, शिक्षक तो बघून उत्तराचा व्हिडिओ पाठवतो. ज्यांच्या गावात इंटरनेट कधी असतं कधी नसतं, किंवा शेतीच्या कामामुळे वेळ पाळता येत नाही, त्यांनी दुसरा प्रकार बेलाशक निवडावा. रावेर-यावल पट्ट्यात केळीची गाडी भरायची असली की सकाळचा तास बुडतोच. व्हिडिओ रात्री पाठवता येतो.

समोरासमोरचा तास ठरवताना वेळेचं गणित आधी करा. आपल्या सकाळी ७ वाजता अमेरिकेतल्या नॅशव्हिलला आदल्या दिवशीचे रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात. हे उन्हाळी वेळेचं. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिथली घड्याळं एक तास मागे जातात, तेव्हा आपल्या ७ ला तिथे साडेसात असतात. मार्चच्या दुसऱ्या रविवारी परत बदल. वार ठरवतानाही घोटाळा होतो, कारण त्यांचा मंगळवार संध्याकाळ म्हणजे आपला बुधवार सकाळ. पहिल्याच निरोपात भारतीय वेळ आणि त्यांची वेळ दोन्ही लिहा.

फी डॉलरमध्ये असते, त्यावर बँक चलनबदलाचा आकार लावते. दर आठवड्याला परवडत नसेल तर पंधरवड्याला एक तास घ्या, अर्ध्या तासाचे चार तुकडे घेऊ नका. तिसांतली पहिली दहा मिनिटं वाद्य लावण्यात आणि ख्यालीखुशालीत जातात.

फी भरण्याआधी शिक्षकाला मोकळेपणाने विचारा. अगदी नवख्यांना शिकवता का? कानाने शिकवता की टॅबवरून? साथ कधी सुरू करता? तास रेकॉर्ड करू देता का? तास बुडाला तर काय? मग एकच तास ठरवा, आगाऊ महिना भरू नका. त्या तासात एवढंच बघा की तो तुमच्या हाताकडे बघतो की स्वतः वाजवून दाखवण्यातच रमतो. चांगला शिक्षक तुम्हाला पहिल्या पाच मिनिटांत वाजवायला लावतो, थांबवतो, एकच गोष्ट बदलायला सांगतो आणि पुन्हा वाजवायला लावतो. अमेरिकेच्या दक्षिणेकडचे उच्चार कळत नसतील तर संकोच करू नका. 'हळू बोला', 'चॅटमध्ये लिहा' असं सांगितलं की ते आनंदाने लिहितात.

आता जवळचा शिक्षक. इथे खान्देशाकडे खरं बळ आहे. भजनी मंडळातला ढोलकीवाला, तबल्याचा क्लास, पेटीवाले गुरुजी, वहीगायनाच्या फडात डफ वाजवणारे, हे सगळे तुमच्या कामाचे. व्हायोलिन शिकवणारे शहरात असतील तर फिडलवाल्याने त्यांच्याकडे गज आणि सूर यांसाठी जरूर जावं. मात्र आधीच सांगावं की मला उभं राहून, हनुवटीखाली धरून, जी-डी-ए-ई लावून वाजवायचंय. आपल्याकडे खाली बसून, षड्ज-पंचमात लावून वाजवतात. धरण्याची पद्धत मध्येच बदलली तर मनगट दुखतं. दोन्ही शिक्षकांना एकमेकांविषयी सांगून ठेवा. लपवलं तर एकाने बसवलेलं दुसरा मोडतो.

पेटीवाल्या गुरुजींशी बोलताना पट्टीची भाषा वापरा. ब्लूग्रासचा आवडता जी म्हणजे पांढरी पाच. दुसऱ्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावला की ए, म्हणजे पांढरी सहा. चौथ्यावर लावला की बी, पांढरी सात. बिल मन्रोच्या उंच आवाजाची ही लाडकी पट्टी. बहुतेक गाणी तीन कॉर्डवर चालतात, त्यांना १, ४, ५ म्हणतात. सा, म आणि प यांच्यावर उभ्या केलेल्या कॉर्ड असं सांगितलंत की गुरुजी लगेच पेटीवर धरून दाखवतील, आणि गाणं कधी मध्यमावर गेलं ते कानाने ओळखायचा सराव ते तुमच्याकडून करून घेऊ शकतील. ब्लूग्रास मुळात ऐकून शिकायचं संगीत आहे. हा सराव कुठल्याही टॅबपेक्षा मोलाचा.

पहिल्या तासाआधीची मांडणी

वाद्य आलं की ते एकदा जाणकाराकडून लावून घ्या. तारा दांड्यापासून फार उंच असतील तर बोटं सोलतात आणि माणूस सोडून देतो. बँजोची घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, चिकटवलेली नसते, ती वाहतुकीत सरकते. नटपासून (खुंट्यांकडच्या पट्टीपासून) बाराव्या फ्रेटपर्यंत जेवढं अंतर, साधारण तेवढंच बाराव्या फ्रेटपासून घोडीपर्यंत हवं. बाराव्या फ्रेटवर तारेला हलकेच स्पर्श करून छेडल्यावर येणारा स्वर आणि तिथेच दाबून छेडलेला स्वर जुळेपर्यंत घोडी केसभर पुढेमागे करायची.

बँजोला तीन नख्या लागतात: अंगठ्याला प्लास्टिकची, तर्जनी आणि मधल्या बोटाला धातूची. धातूच्या नखीचं पातं बोटाच्या मऊ बाजूला येतं, नखाच्या बाजूला नाही. नवखे हमखास उलट घालतात. मँडोलिन आणि गिटारला जाड पिक (तारा छेडायची चपटी पट्टी) घ्या, एक मिलिमीटरच्या वरची. पातळ पिक वाकते आणि ठोका उशिरा पडतो. ट्यूनर मोबाइलवर चालतो, पण खुंट्यांपाशी चिमट्याने लावायचा ट्यूनर घेतलेला बरा, घरात कुकरच्या शिट्ट्या होत असतानाही तो बरोबर दाखवतो.

ऑनलाइन तासाला मोबाइल चेहऱ्यासमोर नको, उजव्या हाताच्या रेषेत ठेवा. शिक्षकाला तुमचं मनगट आणि नख्या दिसायला हव्यात. शक्य असेल तर दुसरा फोन डाव्या हाताकडे. झूमवर 'ओरिजिनल साउंड' चालू करा. नाहीतर बँजोचा सलग आवाज हा गोंगाट आहे असं समजून ते ॲप तो कापून टाकतं, आणि शिक्षकाला तुमचे निम्मे स्वर पोचतच नाहीत. आवाज पोचायला थोडा वेळ लागतो, त्यामुळे कॉलवर दोघांनी एकत्र वाजवणं जमत नाही. त्याऐवजी शिक्षकाकडून साथीचं रेकॉर्डिंग मागून घ्या, ते तुमच्याकडे लावा आणि त्यावर वाजवा. वीज ज्या वेळी जाते ती वेळ टाळा आणि राउटरला छोटा यूपीएस जोडा.

तास कसा वापरायचा

तासाच्या आदल्या दिवशी दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग करून शिक्षकाला पाठवा, चुकांसकट. सोबत एकच प्रश्न. तो ऐकून बसलेला असला की तास थेट मुद्द्यावर सुरू होतो. तास संपताना शिक्षकाने दिलेलं काम आपल्या शब्दांत वहीत लिहा आणि त्याला वाचून दाखवा. तीन गोष्टी लिहिल्या गेल्या असतील तर विचारा, यातली पहिली कोणती? घरी त्याच एकीवर काम करा.

हे प्रत्यक्षात कसं दिसतं ते बँजोच्या उदाहरणाने सांगतो, कारण बँजोवर सगळं उजव्या हातावर आहे. खुल्या तारा जी-डी-जी-बी-डी अशा लावलेल्या असतात, म्हणजे डाव्या हाताने काहीही न दाबता जी कॉर्ड वाजते. उजव्या बोटांच्या ठरलेल्या क्रमाला 'रोल' म्हणतात. पहिला रोल बहुधा अंगठा आलटणारा शिकवतात. तारा या क्रमाने: तिसरी, दुसरी, पाचवी, पहिली, चौथी, दुसरी, पाचवी, पहिली. बोटं: अंगठा, तर्जनी, अंगठा, मधलं, आणि पुन्हा तेच. करंगळी आणि अनामिका बँजोच्या चामड्यावर टेकवलेली. चामडं म्हणायचं, आता ते प्लास्टिकचं असतं. मेट्रोनोम (ठरल्या वेगाने टिकटिक करणारं यंत्र) ६० वर, एका टिकटिकीला दोन स्वर. ऐकायला हे सोपं वाटतं. पण रेकॉर्डिंग करून ऐका. पाचव्या तारेनंतर मधलं बोट पहिल्या तारेवर पडताना किंचित घाई करतं आणि चौथ्या तारेकडे जाणारा अंगठा किंचित उशीर. आठ स्वर सारख्या अंतराने पडण्याऐवजी लंगडतात. वाजवणाऱ्याला ते कळत नाही, कारण त्याचं लक्ष पुढच्या तारेकडे असतं. शिक्षक दोन आवर्तनांत पकडतो. तो सांगेल, 'अनामिका वर उचलली जातेय, म्हणून मधलं बोट ओढलं जातंय.' दुरुस्ती त्या टेकवलेल्या बोटात असते, चुकणाऱ्या बोटात नसते. हे कुठलाही व्हिडिओ तुम्हाला सांगणार नाही, कारण व्हिडिओला तुमचा हात दिसत नाही.

हा रोल सारखा पडायला लागला की पुढचा, फॉरवर्ड रोल. अंगठा-तर्जनी-मधलं, अंगठा-तर्जनी-मधलं, अंगठा-मधलं. म्हणजे आठ स्वरांचे ३, ३, २ असे गट. ब्लूग्रासची पुढे ढकलणारी चाल या विषम वाटणीतून येते. या टप्प्यावर मी तबलजीकडे किंवा ढोलकीवाल्याकडे जायला सांगेन. त्याला केरवा धरायला लावा: धा गे ना ति न क धि ना. त्याच्या आठ मात्रा म्हणजे तुमचे आठ स्वर. बास पडतो पहिल्या 'धा'वर आणि पाचव्या 'न'वर. मँडोलिनचा चॉप पडतो तिसऱ्या 'ना'वर आणि सातव्या 'धि'वर. त्याच्या सम मांडणीवर तुमचे ३-३-२ चे गट चालवायचे आणि समेवर एकत्र यायचं. सुरुवातीला गोंधळ उडतो. ढोलकीवाला ओरडेल, 'भो, सम सोडू नको!' एकदा का हे अंगात भिनलं की मेट्रोनोमवर कितीही सराव करून जे मिळत नाही ते मिळतं. कारण मेट्रोनोम तुमच्याकडे बघत नाही, ढोलकीवाला बघतो.

गिटारवाल्याने पहिले काही आठवडे जी, सी, डी या तीन कॉर्डवर खालची तार-कॉर्ड, खालची तार-कॉर्ड एवढंच करावं. मँडोलिनवाल्याने फक्त चॉप. कंटाळा येतो, पण मेळात बसायला हेच लागतं. रोज अर्धा तास पुरतो; आठवडाभर काही न करता रविवारी तीन तास बसण्याचा उपयोग नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत, लग्नसराईत किंवा मुलांच्या परीक्षेत तेवढाही वेळ मिळणार नसेल तर शिक्षकाला स्पष्ट सांगून तास महिनाभर लांबवा. सराव न करता तास घेणं हा पैशांचा अपव्यय आहे.

पहिलं गाणं कोणतं? अमेरिकेत नवख्यांना 'क्रिपल क्रीक'सारख्या पारंपरिक चाली देतात, त्या घ्याच. त्याबरोबर शिक्षकाला एक विनंती करा: माझ्या घरातली एक चाल मला कानाने शोधायची आहे. आखाजीच्या झोक्यावरची, कानबाईच्या रोटांच्या वेळची, गुलाबाईची, आजीच्या जात्यावरची. आधी गुणगुणा, मग एका तारेवर शोधा, मग रोलमध्ये बसवा. शब्द आणि चाल तोंडपाठ असल्यामुळे तुमचं सगळं लक्ष स्वर शोधण्यावर राहतं, आणि चाल चुकली तर घरातली माणसं लगेच सांगतात.

मे महिना आणि वाद्य

लाकडी वाद्याला हवेतली आर्द्रता साधारण ४५ ते ५५ टक्के मानवते. खान्देशातला एप्रिल-मे त्याच्या कितीतरी खाली असतो. भुसावळ-जळगावकडे पारा ४४-४५ च्या घरात गेला की लाकूड आकसतं, फ्रेटची टोकं दांड्याबाहेर येऊन बोटाला टोचतात, आणि गिटारच्या वरच्या फळीला उभी चीर जाऊ शकते. उपाय स्वस्त आहे. साबणाच्या प्लास्टिकच्या डबीला भोकं पाडा, आत ओला करून घट्ट पिळलेला स्पंज ठेवा आणि डबी वाद्याच्या पेटीत खुंट्यांच्या बाजूला ठेवा. दोन-तीन दिवसांनी स्पंज पुन्हा ओला करा. वाजवून झालं की वाद्य पेटीत, भिंतीवर नाही. कूलरच्या समोर तर मुळीच नाही. रात्रभर दमट झोत आणि दिवसभर कोरडी हवा हा बदल नुसत्या कोरड्या हवेपेक्षा वाईट. उन्हात उभ्या गाडीत वाद्य ठेवलंत तर सरस मऊ पडून घोडी उचलली जाऊ शकते. पावसाळ्यात उलट करायचं. स्पंज काढून सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्याने पुसा, नाहीतर गंजतात.

शिकवणीतून मेळाकडे

एक रोल सारखा पडला आणि तीन कॉर्ड न थांबता बदलता आल्या, की माणसं शोधा. ब्रेक येईपर्यंत थांबू नका. तिघं पुरतात: एक गिटार, एक मँडोलिन किंवा व्हायोलिन, एक बँजो. गिटारवाला तर आपल्याकडे कुठल्याही कॉलेजात मिळेल; त्याला तीन कॉर्ड आणि खालची तार-कॉर्ड दाखवायला एक संध्याकाळ लागते. जळगाव आणि भुसावळ मुख्य लोहमार्गावर आहेत. चाळीसगाव, पाचोऱ्याहून गाडीने येऊन संध्याकाळी परत जाता येतं, तेव्हा महिन्यातला एक रविवार ठरवा.

मेळाचे रिवाज शिक्षकाकडून आधीच शिकून घ्या. गोल करून बसायचं. ज्याने गाणं सुचवलं तो पट्टी सांगतो आणि सुरुवात करतो. ब्रेक क्रमाने फिरते, आपली पाळी नको असेल तर मान हलवून पुढच्याला द्यायची. कोणी गात असताना बँजो आणि फिडलने हात आवरायचा, गाणाऱ्याचे शब्द ऐकू आले पाहिजेत. दुसऱ्याची ब्रेक चालू असेल तर तुमची साथ त्याच्या आवाजाखाली. चुकलात तर थांबायचं नाही, स्वर सोडून द्या पण ठेका धरून ठेवा. ढोलकीवाला आवडीने येऊन बसला तर त्याला जरूर बसवा, आणि त्या दिवशी मँडोलिनने चॉप हलका करावा, कारण दोघंही एकाच जागी आघात करतात आणि सगळा मेळ जड होतो.

या बैठकीचं रेकॉर्डिंग करा. फोन गोलाच्या मध्ये ठेवा, स्वतःजवळ नको. पुढच्या तासाला शिक्षकाला तुमचं एकट्याचं वाजवणं न पाठवता हे पाठवा आणि विचारा, यात मी कुठे इतरांच्या आड येतोय? पहिल्या वेळी तो बहुधा म्हणेल की तुमचा बँजो कडव्याभर एकाच जोराने वाजतोय आणि कॉर्ड बदलताना सगळ्यांच्या आधी पळतोय. मग पुढचे दोन-तीन तास नुसत्या साथीवर घ्या, आणि त्यानंतरच्या रविवारी तेच गाणं पुन्हा रेकॉर्ड करून पाठवा.